अविश्रांतवाडी

शुक्रवारी रात्री सव्वानऊला, म्हणजे घरातल्या प्रत्येकाची अक्कल आठवडाभर वापरून बोथट झालेली असताना, नातीच्या शाळेच्या ग्रुपवर दहा इंग्रजी शब्द येऊन पडले. प्रत्येकाचा वाक्यात उपयोग करायचा आणि सोमवारी वही द्यायची. नात पाचवीत आहे. शाळा इंग्रजी माध्यमाची असली तरी गृहपाठ एकत्र कुटुंबपद्धतीनं होतो, त्यामुळे सुनेनं मेथी निवडता निवडता पहिला शब्द मोठ्यानं वाचला. ‘कीन’. अर्थ दोन दिले होते. एक उत्सुक, दुसरा तीक्ष्ण.

नातीनं अर्ध्या मिनिटात वाक्य लिहून वही पुढे केली. ‘आय ॲम नॉट कीन टू राइट धिस सेंटेन्स.’

“खोड ते,” सून म्हणाली.

“चूक काय आहे ते सांग ना.”

सुनेनं चूक शोधायला घेतली. खराडीच्या एका कंपनीत ती दिवसभर दुसऱ्यांच्या प्रोग्रॅममधल्या चुका काढते, पण इथे तिला एकही सापडेना. कर्ता होता, क्रियापद होतं, शेवटी पूर्णविरामसुद्धा होता. वाक्य शुद्ध होतं आणि वर खरंही होतं. शाळेच्या वहीत या दोन गोष्टी एकाच ओळीत भेटल्याचं माझ्या तरी पाहण्यात नाही.

आमच्या वेळी वाक्यात उपयोग हा सरळसरळ चोरवाटांचा विषय होता. शब्दाचा अर्थ माहीत नसला तर ‘गुरुजींनी फळ्यावर कुशाग्र असे लिहिले’ हे वाक्य कुठल्याही शब्दाला चालायचं. दोन-तीनदा चाललंही. मग गुरुजींनी फळ्यावर लिहिणं सोडलं नाही, आम्हाला मात्र बाकावर उभं केलं. अर्थ माहीत असला तर शिवाजी महाराज मदतीला यायचे. माझ्या पाचवीच्या वहीत महाराजांना दिवसाला सहा-सात लढाया कराव्या लागत. एक ‘पराक्रम’साठी, एक ‘शिताफी’साठी, एक ‘बेसावध’साठी आणि ‘हातावर तुरी देणे’ आलं की पुन्हा आग्रा. ‘उत्कंठा’ या शब्दाला मात्र मी महाराजांना त्रास दिला नाही. ‘मला उत्कंठा आहे’ असं सुटसुटीत वाक्य लिहिलं. गुरुजींनी खाली लाल शाईनं विचारलं, ‘कशाची?’ या गोष्टीला जवळजवळ साठ वर्षं झाली. उत्तर अजून सुचायचं आहे.

तर ‘कीन’. शब्द घरात नवा नव्हता. आमच्या इमारतीत तो गेले तीन महिने दुसऱ्या मजल्यावरून ऐकू येत होता. तिथल्या काकांच्या पुतण्याचं लग्न जमवणं चाललं होतं आणि काका जिन्यात भेटले की सांगायचे, “मुलीकडचे एकदम कीन आहेत.” काका एरवी शुद्ध मराठीचे कडवे अभिमानी. दुकानदारानं ‘वापस’ म्हटलं तर ‘परत’ म्हणवून घेतल्याशिवाय सुटे पैसे घेत नाहीत. मग इथेच इंग्रजी का? मी विचारलं, तर त्यांनी आवाज खाली आणून सांगितलं, “उत्सुक म्हटलं की गरज दिसते हो. इच्छुक म्हणावं, तर तिकीट मागायला आल्यासारखं वाटतं.”

काकांचं म्हणणं मला नंतर फार पटलं. मराठी माणसाचा उत्सुकतेवर मुळात विश्वास नाही. उत्सुक म्हणजे अजून सभ्य. तिथून एक पायरी उतरलं की आतुर, मग अधीर, मग उतावीळ, आणि तळाशी हपापलेला. इतकी सरळ उतरंड दुसऱ्या कुठल्या भावनेला नसेल. उतावळ्या नवऱ्याच्या तर गुडघ्यालाच आपण बाशिंग बांधून ठेवलंय. बरं, ‘हौशी’ हा तरी चांगला शब्द असेल म्हणावं, तर नाटकाच्या जाहिरातीत ‘हौशी कलावंत’ वाचून जाणकार मागच्या रांगेचं तिकीट काढतो, लवकर उठून जाता यावं म्हणून. ‘कीन’ला असला काही डाग नाही. माणूस कीन असतो तेव्हा तो ताठ बसलेला असतो, पाय पायावर टाकून. वाकत नाही.

‘इच्छुक’ची गंमत विश्रांतवाडीला सांगायलाच नको. पुणे महापालिकेच्या नगरसेवकांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि पुढे निवडणूक वर्षानुवर्षं लांबत गेली. त्या काळात आमच्या चौकातल्या फ्लेक्सवर ‘भावी नगरसेवक’ अशी एक जमातच तयार झाली. वाढदिवस येत गेले, जात गेले. माणूस भावीचा भावीच. फोटोतलं वयसुद्धा वाढेना. इतकी टिकाऊ उत्सुकता मी आयुष्यात दुसरी पाहिली नाही.

मुळात आमच्या वस्तीचं नाव विश्रांतवाडी ठेवणाऱ्याला विनोदाचं अंग असणार. नावाचं कारण विचारलं तर जुनी मंडळी पालखीकडे बोट दाखवतात. आषाढीच्या वारीत ज्ञानेश्वर महाराजांची पालखी आळंदीहून दिघीमार्गे पुण्याला येते ती आमच्याच चौकातून, आणि वारकरी इथे घटकाभर टेकतात हे खरं आहे. पण ते वर्षातून एकदा, आणि तेही पाहुणे. बाकीचे तीनशे चौसष्ट दिवस इथे कोण विसावतं? एका बाजूला आळंदी रस्ता, एकीकडे धानोरी, एकीकडे टिंगरेनगरातून विमानतळ, आणि मध्ये सिग्नल. तो उलटे आकडे मोजतो. शून्य येईपर्यंत थांबणारा माणूस मी पाहिला आहे, पण त्याची गाडी बंद पडली होती. तीनवर स्कूटर निघतात. चारवर रिक्षा. पाचला मागच्याचा हॉर्न, तो पुढच्याला मणक्यातून ऐकू येतो. २०१५ मध्ये संगमवाडी ते विश्रांतवाडी असा बीआरटीचा वेगळा मार्ग झाला, बसनं बिनअडथळा जावं म्हणून. बसच्या आधी त्यातून कोण कोण बिनअडथळा गेलं, ते लिहायला नको. आणि डोक्यावर लोहगावच्या तळावरची सुखोई विमानं. ती गेली की दुपारची झोप, टीव्हीवरची बातमी आणि नवरा-बायकोचं भांडण, तिन्ही एकाच शब्दावर थांबतात आणि आवाज ओसरला की तिथूनच पुढे सुरू होतात.

शनिवारी आम्ही दुसऱ्या अर्थाला भिडलो. तीक्ष्ण. इथे मराठी मोकळी सुटते. उत्सुकतेच्या बाबतीत जेवढी कंजूष, तेवढी धारेच्या बाबतीत उधळी. नजर तीक्ष्ण, डोकं तल्लख, बुद्धी कुशाग्र, म्हणजे दर्भाच्या टोकासारखी. दर्भ उपटताना ज्याचं बोट कापत नाही तो कुशल, असं शास्त्रीबुवा सांगायचे. त्यामुळे कुशाग्र बुद्धीच्या माणसाशी कुशल माणसानंच बोलावं, हे ओघानं आलं. आणि सगळ्यात मराठी म्हणजे ‘तिखट’. हा शब्द तीक्ष्णाच्याच घरातला, फक्त स्वयंपाकघरात राहायला गेलेला. इंग्रजीत कान कीन असतात, आपल्याकडे ते डब्यातलं तिखट लावून ठेवल्यासारखे तिखट असतात. दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंचे आहेत. तिसऱ्या मजल्यावर कुकरच्या किती शिट्ट्या झाल्या ते त्या खालून ओरडून तिसऱ्या मजल्याला सांगतात, मध्ये सुखोई जाऊन आलं तरी मोजणी चुकत नाही.

“आबा, काकूंवर वाक्य करू?” नात म्हणाली.

“नको,” मी आणि सून एकदम म्हणालो. खालून ‘काय नको?’ असं ऐकू आलं.

रविवारी सकाळी धारवाला आला. सायकल स्टँडवर चढवून, कुठेच न जाता जागच्या जागी पायडल मारत, पुढच्या दगडी चाकावर सुऱ्या-कात्र्या लावणारा. आता असे फार येत नाहीत. त्याची ‘धाऽर’ ऐकली की आमच्या हिचा चेहरा उजळतो. मी चार सुऱ्या, एक विळी आणि नात एवढं घेऊन खाली उतरलो. म्हटलं, पोरीला तीक्ष्ण म्हणजे काय ते दिसेल तरी.

ठिणग्या उडाल्या. नात दोन पावलं मागे गेली, मग तीन पावलं पुढे. मी धारवाल्याला म्हटलं, “चांगली कडक धार करा.”

त्यानं चाक थांबवलं. “काका, रोज कापायचंय की लोकांना दाखवायचंय?”

“म्हणजे?”

“दाखवायची असेल तर पाजळून देतो, केस कापेल. पण चार दिवसांत जाईल. आणि दर वेळी एवढी घासली, तर सुरीच संपेल.”

अक्कल पाजळणं हा वाक्प्रचार आपण इतक्या वेळा ऐकतो, पण त्यातलं पाजळणं म्हणजे नेमकं काय, हे मला सत्तरीला टेकल्यावर विश्रांतवाडीच्या फुटपाथवर कळलं. ज्यांची अक्कल आपण सभेत, लग्नात आणि बँकेच्या रांगेत पाजळताना पाहतो, त्यांची चार दिवसांत का जाते, तेही. मी म्हटलं, “रोजची द्या.” त्यानं अंगठ्याच्या नखावर पातं टेकवून पाहिलं, सुरी माझ्या हातात दिली, आणि तीस रुपये झाले म्हणाला. पैसे सांगताना मात्र धार दाखवायची होती.

घरी येऊन मी नातीला एक उत्तम वाक्य सांगितलं. दोन्ही अर्थ एकाच वाक्यात, म्हणजे सुताराच्या भाषेत खाच आणि कूस एकाच फळीत. ‘द मॅन वॉज कीन टू मेक द नाइफ कीन.’ सून म्हणाली, “बाबा, असं कोणी बोलत नाही.” मी म्हटलं, बोलत नसतील, शब्दकोशात आहे. नातीनं तिचं वाक्य खोडून माझं लिहिलं. तिचा चेहरा खोडताना जसा झाला होता, तो मी तेव्हा नीट पाहायला हवा होता.

शब्दकोशाचं म्हणाल, तर त्या बाबतीत विश्रांतवाडीकरानं कोणाचं ऐकून घेऊ नये. आळंदी रस्त्यानं येरवड्याच्या बाजूला गेलं की डेक्कन कॉलेजचा परिसर आहे. माझी संध्याकाळची फेरी तिकडेच असते. ही संस्था मुळात १८२१ मध्ये विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा म्हणून निघाली आणि १८६८ मध्ये या दगडी इमारतीत आली. म्हणजे विश्रामबागेतून उठली ती विश्रांतवाडीच्या शेजारी येऊन बसली. टिळक आणि आगरकर इथेच शिकले, तेव्हा विश्रांती कोणी घेतली असेल असं मात्र समजू नये. त्याच पाठशाळेची सूत्रं विश्रामबागवाड्याच्या दिवसांत मेजर थॉमस कँडीकडे होती. मोल्सवर्थनं सुरू केलेला आणि तब्येतीपायी सोडून दिलेला इंग्रजी-मराठी कोश या कँडीनं १८४७ मध्ये पुरा केला. एकेका इंग्रजी शब्दापुढे मराठी शब्दांची रांग, देवळाबाहेर असते तशी. मराठीला पूर्णविराम, स्वल्पविराम ही विरामचिन्हं लावायला शिकवली ती यानंच. नातीच्या त्या वाक्याच्या शेवटचा ठिपकासुद्धा, धरलंच तर, आमच्या बाजूचाच. विरामचिन्हं मराठीत आली, एवढं मात्र खरं. विश्रांतवाडीच्या चौकात ती अजून यायची आहेत.

पण खरी गोष्ट पुढेच आहे. याच आवारात १९४८ मध्ये सुमित्र मंगेश कात्रे यांनी संस्कृतचा एक महाकोश हाती घेतला. कल्पना अशी की शब्दाचा नुसता अर्थ द्यायचा नाही. ऋग्वेदापासून हास्यार्णवापर्यंत सुमारे दीड हजार ग्रंथ चाळायचे, आणि तो शब्द कोणी, कुठे, कोणत्या वाक्यात वापरला ते काळाच्या क्रमानं लावून दाखवायचं. नातीला मी हे सांगितलं तेव्हा तिचे डोळे मोठे झाले. “म्हणजे वाक्यात उपयोग?” हो, बाई, वाक्यात उपयोग. वाक्यं टिपून घ्यायलाच पंचवीस वर्षं लागली, सुमारे एक कोटी चिठ्ठ्या झाल्या, पहिला खंड १९७६ मध्ये निघाला, आणि आज खंडांनी तिशी ओलांडली आहे.

“झाला का पूर्ण?”

“‘अ’ चाललाय.”

ती बराच वेळ काही बोलली नाही. तिला सोमवारी वही द्यायची होती.

लोक यावर हसतात. मीही हसलो होतो. पण ‘अ’ हे अक्षर दिसतं तेवढं गरीब नाही. संस्कृतात कुठल्याही शब्दामागे ‘अ’ लावला की त्याचा नकार तयार होतो, त्यामुळे भाषेत आहे ते सगळं आणि नाही ते सगळं, यातलं नाही ते सगळं पहिल्याच अक्षरात येऊन बसतं. शिवाय अधि, अनु, अप, अभि, अव ही उपसर्गांची वऱ्हाडं. ‘उत्सुक’ हा शब्द त्या कोशात वाचायला मिळावा म्हणून आपण उत्सुक राहायचं ठरवलं, तर मध्ये आ, इ आणि ई उभे आहेत. ‘कुशाग्र’ ‘क’मध्ये, ‘तीक्ष्ण’ ‘त’मध्ये. ते नातीच्या नातींनी पाहावं. ‘अधीर’ मात्र ‘अ’त येतो, म्हणजे अधीरांना फार थांबावं लागत नाही, ही कोशकारांची दयाच म्हणायची. आणि आमच्या वस्तीचं काय? ‘विश्रांत’ पार ‘व’मध्ये. पण ‘अविश्रांत’ त्याच्या कितीतरी आधी. संध्याकाळी सहा वाजता चौकात उभं राहिलं की हाच क्रम बरोबर वाटतो.

संध्याकाळच्या फेरीत एक जुना शब्दही आठवला. तीक्ष्ण आणि तेज हे ‘तिज्’ या एकाच धातूपासून निघाले. तिज् म्हणजे धार लावणं. त्याच धातूपासून तिसरा शब्द निघाला, तितिक्षा, म्हणजे निमूट सोसायची ताकद. इंग्रजीनं धारेच्या शेजारी उतावीळपणा आणून बसवला. आपल्या वैयाकरणांना धारेशेजारी सहनशक्ती दिसली. मला आधी हे जुळेना, मग धारवाल्याचं चाक आठवलं. ठिणग्या उडतात त्या आपण पाहतो, पण सुरी त्या वेळी काय करत असते? सोसतच असते की. इंग्रजीतला हा ‘कीन’ मुळात धीट, शूर अशा अर्थाचा होता म्हणे, जर्मनमध्ये त्याचा भाऊ अजून त्याच अर्थानं राहतो. इंग्लंडला येऊन तो धारदार झाला, मग उत्सुक झाला. शिवाय आयरिश भाषेतून आलेला आणखी एक ‘कीन’ आहे, त्याचा याच्याशी काही संबंध नाही. त्याचा अर्थ मेलेल्या माणसासाठी गळा काढणं.

हा तिसरा अर्थ सोमवारी उपयोगी पडला. जिन्यात काका भेटले. मुलीकडच्यांनी नकार कळवला होता. “तितके कीन नव्हते,” काका म्हणाले, आणि पुढची दहा मिनिटं स्वतः आयरिश अर्थानं कीन झाले.

त्याच संध्याकाळी वही परत आली. नऊ वाक्यांवर बरोबरची खूण. पहिल्या वाक्यातला ‘नाइफ कीन’ गोल करून त्यावर लाल प्रश्नचिन्ह. हे चिन्हही कँडीचंच, पण तेव्हा मला कौतुक वाटलं नाही. खाली बाईंनी बारीक अक्षरात लिहिलं होतं, की खोडलेलं वाक्य जास्त चांगलं होतं, ते का खोडलं?

नातीनं वही माझ्यासमोर धरली आणि काही न बोलता उभी राहिली. पाच मिनिटं. तितिक्षा कशाला म्हणतात, ते मी शिकवण्याआधीच तिला येत होतं.

“पुढच्या वेळी मी काही सांगणार नाही,” मी म्हटलं.

“पुढच्या वेळी मराठीचं आहे,” ती म्हणाली. महाराष्ट्रात २०२० च्या कायद्यानं सगळ्या शाळांना मराठी सक्तीचं आहे, त्यामुळे तिच्या दप्तरात मराठीचीही एक वही असते, बाकीच्यांपेक्षा पुष्कळ कोरी. “ते तरी मला करू द्या.”

करू दिलं. गुरुवारी ती वही आली. पाच शब्द, पाच वाक्यं, पाच बरोबर. तिसरा शब्द होता ‘विश्रांती’. तिनं लिहिलं होतं, ‘माझे आबा विश्रांतवाडीत दुपारी विश्रांती घेतात आणि सकाळीपण.’ बाईंनी खाली लिहिलं होतं, ‘छान! निरीक्षण तीक्ष्ण आहे.’

ही तेव्हापासून ते वाक्य येणाऱ्या-जाणाऱ्याला वाचून दाखवते. दुसऱ्या मजल्याला दाखवावं लागलं नाही. त्यांनी ते आधीच ऐकलं होतं.